कोवळ्या शेंड्यांचे सिरप : वाचकांचे प्रश्न

स्प्रूस, पाईन आणि फर या सूचीपर्णी झाडांना वसंतात जी पोपटी, मऊ पालवी फुटते, तिच्यापासून घरच्या घरी सिरप करता येते, असा उल्लेख या सदरात मागे एकदा ओझरता आला होता. त्यानंतर आलेल्या पत्रांतील काही प्रश्नांची उत्तरे येथे देत आहे. झाड ओळखण्याविषयीचे पत्र मुद्दाम सर्वांत आधी घेतले आहे, कारण पाक बिघडला तर तो पुन्हा करता येतो, परंतु झाड ओळखण्यात झालेली चूक पुढच्या कोणत्याही पायरीवर दुरुस्त होत नाही.

प्रश्न : आम्ही फिरायला जातो त्या वाटेवर सूचीपर्णी झाडे पुष्कळ आहेत, परंतु त्यांतले स्प्रूस कोणते आणि फर कोणते हे मला खात्रीने सांगता येत नाही. सूचीपर्णी झाडांची पालवी सरसकट खाण्याजोगी असते, असे एका परिचितांचे म्हणणे आहे. ते बरोबर आहे का?

उत्तर : ते बरोबर नाही, आणि आपण पालवी तोडण्यापूर्वी हा प्रश्न विचारलात याचे मला मनापासून समाधान वाटते. यू, म्हणजे टॅक्सस कुळातले झाड, हेही सूचीपर्णीच आहे. त्याच्या बीभोवतीचा लाल, मांसल भाग तेवढा सोडला, तर पाने, साल, लाकूड आणि त्या लाल भागातले बीसुद्धा विषारी असते. त्यातील टॅक्सिन नावाची द्रव्ये हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडवतात आणि उकळल्याने किंवा वाळवल्याने ती नाहीशी होत नाहीत. वसंतात यूलाही तशीच फिकट हिरवी, मऊ पालवी येते. त्यामुळे केवळ रंग आणि कोवळेपणा पाहून तोडणाऱ्याची फसगत होण्याचा धोका नेमका याच दिवसांत अधिक असतो.

ओळखण्याची सुरुवात जुन्या फांदीपासून करावी, पालवीपासून नव्हे. पाईनची सुईसारखी पाने दोन, तीन किंवा पाचच्या जुडग्याने येतात आणि जुडग्याच्या बुडाशी बहुधा पातळ पापुद्र्याची म्यान असते. स्प्रूसची पाने एकेकटी येतात. ती बहुधा चौकोनी असल्याने चिमटीत धरून फिरवली तर सहज गोल फिरतात. प्रत्येक पान एका बारीक खुंटीवर बसलेले असते आणि पान गळून पडले तरी ती खुंटी मागे राहते, म्हणून स्प्रूसच्या जुन्या काडीवरून बोट फिरवले तर ती कानशीसारखी खरखरीत लागते. फरचे पान चपटे असते, त्याच्या खालच्या बाजूला दोन पांढुरके पट्टे दिसतात आणि पान ओढून काढले तर काडीवर गुळगुळीत, वाटोळा व्रण उरतो. यूचे पानही चपटे आणि मऊच असते, परंतु त्याची खालची बाजू नुसतीच फिकट हिरवी असते, तिच्यावर पांढरे पट्टे नसतात, आणि पानाचे बूड काडीवर खाली उतरत गेलेले दिसते.

आणखी दोन खुणा उपयोगी आहेत. यूला लाकडासारखी कडक शंकूफळे कधीच येत नाहीत. म्हणून ज्या झाडावर किंवा ज्याच्या बुंध्याशी गेल्या वर्षीची शंकूफळे दिसतात, त्याच झाडाकडे वळावे. (स्प्रूसची शंकूफळे फांदीवरून खाली लोंबतात, तर फरची उभी राहून झाडावरच विखरून जातात.) दुसरी खूण वासाची आहे. यूमध्ये राळ नसते, त्यामुळे त्याचे पान चुरगाळले तरी राळेचा दरवळ येत नाही. मात्र या एकाच खुणेवर विसंबू नये, कारण आधी स्प्रूस हाताळला असेल तर बोटांचाच वास पानाला लागतो आणि परीक्षा खोटी ठरते.

माझे मत असे की पहिली दोन-तीन वर्षे फक्त पाईन आणि स्प्रूस यांच्यापुरतेच राहावे. चपट्या पानांच्या झाडांकडे त्यानंतर वळावे, आणि तेही जाणकाराला सोबत घेऊन. ज्यांची पाने सुईसारखी नसून खवल्यांसारखी फांदीला चिकटलेली असतात, त्या थुजासारख्या झाडांना या कामासाठी हात लावू नये, कारण थुजात थुजोन हे घातक द्रव्य असते. कुंडीत वाढवली जाणारी ‘नॉरफोक पाईन’ ही नावाचीच पाईन आहे. ती अरौकेरिया या वेगळ्या कुळातली असल्यामुळे येथील माहिती तिला लागू करू नये. पाँडेरोसा पाईनची पाने खाल्ल्याने गाभण गाईंचा गर्भपात होतो, हे पशुपालनात माहीत असलेले आहे. त्यामुळे गर्भवती स्त्रियांनी कोणत्याच पाईनचे सिरप घेऊ नये, असे मी आग्रहाने सांगेन.

प्रश्न : पालवी नेमकी कधी तोडावी? आणि ती तोडल्याने झाडाची वाढ खुंटते का?

उत्तर : स्प्रूसची कळी फुटते तेव्हा तिच्या टोकावर तपकिरी, कागदासारखी टोपी असते. ती टोपी गळू लागली आणि आतली पालवी दोन ते पाच सेंटिमीटर लांब झाली, की तोडण्याची वेळ आली असे समजावे. या वेळी पाने एकमेकांना बिलगलेली असतात आणि चावून पाहिल्यास लिंबासारखी आंबट लागतात. पुढे आठ-दहा दिवसांत ती पसरतात, टोचू लागतात, आंबटपणा मागे पडतो आणि तुरट, राळेची चव वर येते. उत्तर गोलार्धातील सखल प्रदेशात हा काळ बहुधा एप्रिलअखेर ते मे असा असतो, तर डोंगरावर तो जूनपर्यंत लांबतो. जर्मन भाषक प्रदेशांत या शेंड्यांचे नावच ‘मे महिन्यातले शेंडे’ अशा अर्थाचे आहे. पाईनचे कोंब मेणबत्तीसारखे सरळ उभे राहतात. ते काहीसे लांब, दहा सेंटिमीटरपर्यंत झाले तरी चालतात. मात्र देठ नखाने सहज तुटला पाहिजे.

झाडाविषयीचा आपला प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. स्प्रूस, पाईन आणि फर यांची त्या फांदीवरची संपूर्ण वर्षाची वाढ बहुधा या एकाच पालवीत साठवलेली असते. रुंद पानांच्या अनेक झाडांची फांदी खुडली तर खालून पुन्हा धुमारे फुटतात. येथे तसे सहसा होत नाही, आणि जुन्या, पाने गळलेल्या लाकडातून तर नवी फूट जवळजवळ येतच नाही. म्हणून झाडाचा सर्वांत वरचा शेंडा कधीही तोडू नये, कारण झाडाचा सरळ वाढणारा खोडाचा भाग तोच असतो. माणसाच्या उंचीपेक्षा लहान झाडांना हात लावू नये. मोठ्या झाडाच्या बाजूच्या फांद्यांवरून, तेही प्रत्येक फांदीवरचे थोडेच कोंब घेऊन, पुढच्या झाडाकडे जावे. एक टोपली भरण्यासाठी वीस झाडांपाशी थांबावे लागले, तर तोडणे योग्य रीतीने झाले असे समजावे.

जमिनीच्या मालकाची किंवा वनव्यवस्थापनाची परवानगी आधी घ्यावी लागते. फळे वेचण्याची मुभा असलेल्या जंगलातही झाडाचे शेंडे तोडण्याची मुभा असतेच असे नाही. राखीव क्षेत्रातून काहीच घेऊ नये. वर्दळीच्या रस्त्याकडेची झाडे टाळावीत. नाताळासाठी लावलेल्या झाडांच्या मळ्यात कीटकनाशके फवारलेली असू शकतात, म्हणून तेथे मालकाला स्पष्ट विचारल्याशिवाय पालवी घेऊ नये.

प्रश्न : स.न.वि.वि. मी स्प्रूसची अर्धा किलो पालवी धुतली आणि अर्धा किलो साखरेबरोबर थरावर थर देऊन काचेच्या बरणीत भरली. झाकण घट्ट लावून बरणी खिडकीत उन्हात ठेवली. पहिले काही दिवस छान रस सुटत गेला. बाराव्या दिवशी झाकण उघडताच फसफसून फेस वर आला आणि वास किंचित दारूसारखा होता. बुरशी मात्र कोठेही दिसत नाही. हे सिरप टाकून द्यावे काय? आणि पुढच्या खेपेस काय करावे?

उत्तर : माझी पहिली बरणी अशाच रीतीने आंबली होती, त्यामुळे आपली हळहळ मी समजू शकतो. आपले प्रमाण रूढ रीतीप्रमाणेच होते. पोलंडमध्ये पाईनच्या कोंबांचे आणि आल्प्सच्या परिसरात स्प्रूसच्या शेंड्यांचे सिरप पुष्कळ घरांत असेच, साखरेच्या थरांत घालून केले जाते. चूक कोठे झाली हे समजण्यासाठी बरणीच्या आत काय घडते ते पाहावे लागेल.

साखर पालवीतले पाणी ओढून घेते आणि त्याच पाण्यात विरघळते. साध्या खोलीच्या तापमानाला 100 ग्रॅम पाण्यात सुमारे 200 ग्रॅम साखर विरघळू शकते, म्हणजे पाक पूर्ण संपृक्त झाला की त्यात वजनाने सुमारे 67 टक्के साखर असते. इतक्या दाट पाकात यीस्ट आणि बुरशी यांना वाढण्यासाठी लागणारे मोकळे पाणी फारसे उरत नाही. तो पाक जसजसा पातळ होत जातो, तसतसे पालवीवर मुळातच असलेले यीस्ट जागे होते. अर्धी साखर आणि अर्धे पाणी असलेला पाक चवीला अतिशय गोड लागतो, पण टिकण्याच्या दृष्टीने तो पातळच असतो.

आपल्या बरणीत दोन गोष्टी एकदम घडल्या असाव्यात. धुतलेली पालवी पूर्ण कोरडी झाली नसेल, तर रसाखेरीज ते जादा पाणीही साखरेत मिसळले. आणि दाट पाक जड असल्यामुळे तळाशी बसला, तर पातळ रस व त्यात तरंगणारी पालवी वर राहिली. म्हणजे तळाशी न विरघळलेली साखर दिसत असतानाही वरच्या चार बोटांत आंबण्याला पूर्ण वाव होता. यासाठी बरणी रोज हलवावी किंवा स्वच्छ, कोरड्या चमच्याने तळापासून ढवळावी, आणि पालवी पाकाखाली राहील असे काचेचे किंवा चिनी मातीचे दडपण वर ठेवावे. रोजच्या ढवळण्यानंतरही तळाशी थोडी साखर शिल्लक दिसली पाहिजे. ती सगळी विरघळली की मूठ-दोन मूठ आणखी साखर घालावी. पालवी शक्यतो धुऊ नये. ती कापडावर पसरून झटकली म्हणजे किडे आणि कचरा निघून जातो. धुवायचीच असेल तर फडक्यावर पसरून पाणी पूर्ण सुकू द्यावे. बरणीच्या तोंडाला झाकणाऐवजी दादरा बांधावा, कारण घट्ट झाकणाखाली वायू कोंडला तर काच फुटू शकते.

आता हातात असलेल्या सिरपाविषयी. बुरशी कोठेही नसेल आणि वास केवळ हलका आंबूस असेल, तर ते लगेच गाळून घ्यावे, त्यात आणखी साखर घालून उकळी आणावी, फेस काढून टाकावा आणि थंड झाल्यावर फ्रिजमध्ये ठेवून थोड्या आठवड्यांत संपवावे. बुरशीचा एक ठिपका जरी दिसला, तरी वरचा थर काढून बाकीचे वाचवण्याचा मोह धरू नये. सगळे टाकून द्यावे.

तीन-चार आठवड्यांनी थंड रीतीचे, म्हणजे न उकळता साखरेत मुरवलेले सिरप गाळल्यावर ते एकदा तापवावे, असा माझा सल्ला आहे. साखरेतही तग धरणारी काही यीस्ट असतात आणि नुसत्या दाटपणाने ती मरत नाहीत. तापवलेले सिरप निर्जंतुक केलेल्या बाटल्यांत गरम असतानाच भरावे.

प्रश्न : उन्हात बरणी ठेवण्याइतकी सवड नाही, म्हणून मी पालवी पाण्यात उकळून सिरप केले. ते हिरवे होण्याऐवजी तपकिरी झाले, त्याला वासही फारसा राहिला नाही, आणि महिन्याभरात बाटलीच्या तळाशी खडे जमले. यात काय चुकले?

उत्तर : रंगाच्या बाबतीत काहीच चुकले नाही. पालवीचा हिरवा रंग पाण्यात विरघळत नाही, आणि उष्णतेने व पालवीतल्या आंबटपणाने त्यातले मॅग्नेशियम निघून जाऊन तो मळकट होतो. या सिरपाचा खरा रंग मधासारखा सोनेरी ते तांबूस असाच असतो.

वास गेला तो बहुधा पाक फार वेळ आटवल्यामुळे. या पालवीचा सुगंध पायनीन, लिमोनीन यांसारख्या उडून जाणाऱ्या द्रव्यांचा असतो, आणि स्वयंपाकघरभर जो दरवळ पसरतो तो पातेल्यातून वजा होत असतो. यावरचा उपाय अनेकांना उलटा वाटतो : साखर सुरुवातीलाच अधिक घालावी. 250 ग्रॅम पालवी 750 ग्रॅम पाण्यात घालून झाकण ठेवून मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटे शिजवावी, रात्रभर तशीच झाकून ठेवावी आणि सकाळी फडक्यातून गाळून घ्यावी. मिळालेल्या अर्काचे वजन करावे. अर्क 500 ग्रॅम असेल आणि आपण 500 ग्रॅमच साखर घातली, तर टिकण्याइतक्या दाटपणापर्यंत, म्हणजे 65 टक्के साखरेपर्यंत, पोहोचण्यासाठी पाक आटून 770 ग्रॅम व्हावा लागेल, म्हणजे जवळजवळ पाव किलो पाणी सुगंधासह उडवून द्यावे लागेल. त्याच अर्कात 900 ग्रॅम साखर घातली तर पाक सुरुवातीलाच 64 टक्क्यांच्या पुढे असतो आणि एक उकळी पुरते. शेवटी दोन्ही पाकांचा गोडवा सारखाच असतो. फरक पडतो तो सुगंधात, आणि दुसऱ्या रीतीत सिरप अधिक मिळते यात.

किती आटवायचे हे डोळ्यांनी ठरवण्यापेक्षा वजनाने ठरवणे मला कधीही बरे वाटते. साखरेच्या वजनाला 1.54 ने गुणावे. पाकाचे वजन तेवढे झाले की तो 65 टक्क्यांचा झाला. रिकाम्या पातेल्याचे वजन आधी लिहून ठेवले म्हणजे हे सोपे जाते. थर्मामीटर असेल तर आधी त्याने साधे उकळते पाणी मोजावे आणि त्या आकड्याच्या चार अंश सेल्सिअस वर पाक उतरवावा. समुद्रसपाटीला हा आकडा 104 येतो. उंचावर पाणी कमी तापमानाला उकळते, म्हणून ठरावीक आकड्यावर न जाता हा फरक पाहावा. वजनकाटा आणि थर्मामीटर दोन्ही नसतील, तर पाक एकतारी होऊ लागताच थांबावे.

खडे जमले याचा अर्थ पाक 67 टक्क्यांच्या पुढे गेला आणि थंड झाल्यावर जादा साखर बसली. असे सिरप खराब झालेले नसते. बाटली कोमट पाण्यात ठेवून खडे विरघळवावेत आणि सिरप चमचाभर उकळत्या पाण्याने किंचित सैल करावे. पुढच्या वेळी उकळताना लिंबाचा रस घालावा. आंबटपणामुळे साखरेचा काही भाग ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांत मोडतो, आणि त्यांच्या सोबतीने उरलेली साखर सहजासहजी बसत नाही.

प्रश्न : हे सिरप खोकल्यावर औषध आहे आणि त्यात क जीवनसत्त्व भरपूर असते, असे वाचले. माझ्या दहा महिन्यांच्या नातवाला ते देता येईल का? साखरेऐवजी मध वापरला तर अधिक गुणकारी होईल का?

उत्तर : नातवाला देऊ नये, आणि मध घातलेले तर मुळीच देऊ नये. एक वर्षाखालील बाळाला कोणत्याही रूपात मध देणे धोक्याचे असते, कारण मधात असू शकणारे बॉट्युलिझमचे बीजाणू बाळाच्या आतड्यात वाढून विष तयार करू शकतात. घरगुती उकळीने ते बीजाणू मरत नाहीत.

क जीवनसत्त्वाच्या समजुतीमागे खरा इतिहास आहे. 1535-36 च्या हिवाळ्यात झाक कार्तिए या फ्रेंच दर्यावर्दीची माणसे आजच्या क्विबेकजवळ बर्फात अडकली आणि स्कर्व्हीने, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणाऱ्या रोगाने, त्यांतली 25 माणसे दगावली. तेव्हा दोमागाया नावाच्या स्थानिक माणसाने एका सदाहरित झाडाचा काढा करण्याची रीत दाखवली आणि उरलेले बरे झाले. दुसऱ्या महायुद्धात लेनिनग्राडच्या वेढ्यातही स्कर्व्ही टाळण्यासाठी पाईनच्या पानांचा अर्क प्यायला दिला जात होता. परंतु ते ताजे अर्क होते. क जीवनसत्त्व उष्णतेने आणि साठवणीत हळूहळू नष्ट होते, म्हणून उकळून महिनोन्‌महिने ठेवलेल्या सिरपाकडून त्याची अपेक्षा धरू नये. वीस ग्रॅम सिरपात तेरा ग्रॅम साखर असते, ही गोष्ट मात्र नक्की असते, आणि मधुमेह असणाऱ्यांनी ती विसरू नये.

मोठ्या माणसाच्या खवखवणाऱ्या घशाला कोमट पाण्यातले चमचाभर सिरप बरे वाटते, हे मी नाकारणार नाही. कोणताही दाट, गोड पाक घशावर तसा लेप धरतो. तीन आठवड्यांपेक्षा अधिक टिकणारा खोकला, धाप किंवा ताप यांवर मात्र डॉक्टरांकडेच जावे. या सिरपाची मला खरी आवड आहे ती त्याच्या चवीसाठी. थंड पाण्यात, दह्यावर किंवा भाजलेल्या फळांवर त्याचा जो आंबटसर, रानातला स्वाद लागतो, तो दुसऱ्या कशातच मिळत नाही.

प्रश्न : पातेले, चमचा आणि हात यांना लागलेला चिकट थर साबणाने निघत नाही. काय करावे?

उत्तर : ती राळ आहे आणि ती पाण्यात विरघळत नाही. खाद्यतेलाचे थेंब टाकून चोळावे, राळ सुटली की कोरड्या कापडाने पुसून घ्यावे आणि मग गरम पाण्याने व साबणाने धुवावे. गाळण्याचे फडके मात्र या कामासाठी वेगळेच राखावे, कारण त्याच्या विणीत बसलेली राळ पुरती निघत नाही आणि पुढे त्यातून गाळलेल्या दुधालाही पाईनचा वास लागतो.